सतरा नंबरचा बैलपाय

मी बैलाचा पाय बोलतोय. दचकू नका, माझ्या खाली खूर नाही. मी एक वीट आहे. पण फेन नदीकाठचे भट्टीवाले माझ्या जातीच्या विटेला बैलपाय म्हणतात, आणि ज्यांच्यात आयुष्य गेलं त्यांनी दिलेलं नाव लावावं हे बरं. शिवाय वीट म्हटलं की मी बाई होतो, पाय म्हटलं की बाप्या. इतकी वर्षं बाप्यांच्या शिव्या ऐकल्यावर आता ‘बोलतेय’ म्हणायला जीभ वळत नाही.

आज माझं तोंड तुटलेलं आहे, धड तेवढं शिल्लक आहे. त्या धडाच्या उजव्या कुशीला काय चिकटलंय, एवढं जर एका बाईला दिसलं असतं, तर तिचं गेलेलं नाव परत आलं असतं आणि डझनभर गवंड्यांना दर आठ महिन्यांनी तापल्या विहिरीत उतरावं लागलं नसतं. ती बाई काल येऊन गेली. पण आधीचं सांगतो, म्हणजे कालचं कळेल.

माझा जन्म यांगच्वानच्या डोंगरातला. माती, भट्टीतली काळी चमकदार रेती, वरून हजार टनांचा दाब आणि मग बारा दिवस आच. माझ्या आधीचे बैलपाय आखूड होते. मी त्यांच्यापेक्षा हातभर लांब, आणि माझं शेपूट भिंतीत खोल जाणारं. ही नवी आखणी लिंगहू वेन नावाच्या इंजिनियरबाईंची. वजन एकतीस किलो. भट्टीतून निघालो तेव्हा बोटाच्या पेराने वाजवलं तर घंटेसारखा बोलायचो.

त्याच आवाजामुळे मी च्याओ शेठच्या दुकानात नमुना म्हणून बसलो. च्याओ शेठ म्हणजे भट्टीच्या विटांचा व्यापारी. गोड माणूस. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग सूर्यफुलाच्या बिया, मग घरच्यांची चौकशी, आणि बियांची टरफलं टाकायला मी. आठ महिने मी त्याच्या गल्ल्याशेजारी होतो. बोलण्याची सवय मला तिथे लागली.

एकदा उत्तरेकडचा एक ठेकेदार घासाघीस करत अडून बसला. शेठ म्हणाला, “विचार कराच दादा, घाई नाही. फक्त ही वीट खांद्यावर घ्या आणि अंगणात फेऱ्या मारत विचार करा. माल अंगाला लागला पाहिजे.” ठेकेदार हसत उठला. तिसऱ्या फेरीला त्याने भाव कबूल केला. शेठ त्याला निरोप देऊन आला, मला कपड्याने पुसलं आणि म्हणाला, “दोन फेऱ्या मी धरल्या होत्या. गडी चिवट निघाला.”

मालगाडीतून आमची जात कोक कारखान्यात पोचली तेव्हा बत्तिसातला एक फुटलेला निघाला. शेठने मला उचललं, टरफलं झटकली. “जा बाबा. बसून खायची सवय लागली तुला.” असा मी नमुना होतो तो नोकरीला लागलो.

आता नोकरी काय, ते ऐका. कोळसा भाजला की कोक होतो. लालबुंद. पूर्वी त्यावर पाणी ओतायचे. गावभर पांढरी वाफ, वाळत टाकलेल्या चादरींवर काळे ठिपके. आता तो कोक एका उंच बंद विहिरीत वरून टाकतात आणि खालून थंड वायू फुंकतात. नाव थंडाव्याची भट्टी, पण वरच्या अंगाला हजार अंश. विहिरीच्या मधोमध गोल रांगेत आम्ही बत्तीस पाय भिंतीतून पुढे झुकलेले असतो. दोन पायांमध्ये एकेक खिडकी, तिच्यातून तापलेला वायू बाहेर जातो. आणि वरची सगळी भिंत आमच्या डोक्यावर. वरून आग, खालून गारवा, मधून कोकची पूड अशी घासत जाते की वाळू बरी.

जुने आखूड पाय सात-आठ महिन्यांत तुटायचे. मग भट्टी बंद, आणि गवंड्यांची टोळी आत. चाळीस अंशांच्या वर कोणी उतरू नये असा फलक दारावर होता. त्याच्याखालून साठ अंशांत माणसं उतरायची, ओली फडकी डोक्याला बांधून. माझ्या आधीच्या खेपेला एकाची पाठ कायमची गेली. तो आता फाटकावर पावत्यांना शिक्के मारतो.

या टोळीचा म्होरक्या हाओ मानथुन. वय अठ्ठावन्न. मानथुन म्हणजे भरलेली कणगी. उपासमारीच्या साली जन्मला, घरात दाणा नव्हता, म्हणून आईने हे नाव ठेवलं. पोर नावाला जागलं. त्याच्या हाताखालचा एकही सांधा कधी पोकळ निघाला नाही. तिथे तपासणीची रीत अशी की नुकतीच बसवलेली वीट अचानक उचलायची, तिच्या पाठीवर शंभर चौकोनांची जाळी ठेवायची आणि किती चौकोनांत माल, म्हणजे सांध्याचा गारा, लागलाय ते मोजायचं. पंचाण्णवला पास. हाओ उस्तादचे शंभर भरायचे. बारा वर्षं सलग त्याच्या टोळीच्या खोलीवर उत्तम कामाची लाल पताका होती. तो ती कोणाला धुवू द्यायचा नाही, स्वतः धुवायचा.

लिंगहू बाई मचाणावर आल्या तेव्हा मी सतराव्या जागी नुकताच बसलो होतो. पस्तिशीची बाई, पायात पुरुषी बूट, हातात आखणीचा कागद.

“उस्ताद, वीट तापली की फुगते,” त्या म्हणाल्या. “जुन्या आखणीत तिला फुगायला जागाच नव्हती. म्हणून या पायांच्या उजव्या कुशीला आठ मिलिमीटर फट सोडायची. आत ही न जळणारी पांढरी लोकर. माल अजिबात नाही.”

“म्हणजे पोकळ?”

“मोकळं.”

“शब्द बदलून भोक बुजत नाही, पोरी.”

“बुजवायचंच नाहीये ना उस्ताद! तुम्ही हिवाळ्यात जाड अंगरखा घालून बाकावर बसता तेव्हा शेजारच्याला सरक म्हणता की नाही? तसं हे सरकणं आहे.”

हाओ हसला. “शेजारी आमचा दोंग गवंडी असला तर सरकत नाही.”

“ही फट राहिली तर तीन वर्षं आत कोणी उतरणार नाही. तुमच्यातला एकही माणूस नाही. माझा शब्द.”

हाओने लोकरीचा तुकडा चिमटीत धरून बघितला. मग मान डोलावली. “तीन वर्षं म्हणजे माझं निवृत्त होणं बसतं त्यात. ठीक. तुझ्या शब्दावर मी पहिल्यांदा पोकळ काम करतो.”

आणि केलंही त्याने. पहिल्या पायापासून चौदाव्यापर्यंत कुशीला लोकर, दरज सरळ, ओळंब्यात. माझ्या कुशीलाही लोकर घातली. पंधरा ते अठरा या चार फटींत लोकर होती, पण त्या शेजारच्या विटांनी बंद व्हायच्या होत्या; पुढच्या चौदा अजून सुरूही नव्हत्या. तेवढ्यात विभागप्रमुख पेइ साहेब जाळी घेऊन आले. त्यांना आखणी माहीत होती, सहीही त्यांचीच होती; पण जुन्या सवयीचा माणूस, फट दिसली की खटकायची. त्यांनी टॉर्च मारला, फटीत किल्ली घालून खुळखुळवली आणि मोठ्याने म्हणाले, “काय हाओ, यंदा पताकेला जागा करतोय वाटतं दुसऱ्या टोळीच्या भिंतीवर?”

गंमत होती. सगळे हसले. त्यातला दोंग म्हणजे टोळीतला हाओच्या खालोखालचा गवंडी, उस्तादच्या जागेवर आणि पताकेवर बारा वर्षं डोळा ठेवून असलेला. तो खालून ओरडला, “साहेब, कणगीला उंदीर लागलेत!”

मचाणं हलली एवढे लोक हसले. हाओही हसला. मी त्याच्या हाताखाली होतो. हसता हसता तो थापीची कड माझ्या फटीत घालून किती खोल जाते ते बघत होता.

जेवणाची घंटा झाली. सगळे वाडगे घेऊन गेले. सुरीने तासलेल्या जाड शेवया आणि काळं व्हिनेगर, त्या दिवशी मटणही होतं. हाओ गेला नाही. त्याने माझ्या कुशीतली लोकर ओढून काढली, घडी करून खिशात ठेवली आणि फटीत माल भरला. थापीने नाही, अंगठ्याने. दाबून, तळापर्यंत, कोपरे चेपून. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. चारही. मग वर पातळसा लोकरीचा पदर चिकटवला, म्हणजे बाईंच्या नजरेला लोकर दिसावी. आपल्या मनाला मात्र माहीत, आत भरलंय.

“आता नीट बसलास,” तो मला म्हणाला. आवाजात माया होती. मला आयुष्यात इतक्या मायेनं कोणी मारलेलं नाही.

उरलेल्या चौदा फटी त्याने पुन्हा लोकरीनेच केल्या. भरलेल्या त्याला चारच हव्या होत्या. कोणाला दाखवायच्या नव्हत्याच. नुसत्या असायला हव्या होत्या.

भट्टी पेटली. रोज थोडी थोडी आच वाढवत नेतात. चारशे अंशांवर मी अंग पसरायला लागलो. माझे सोबती आपापल्या कुशीत सरकले. लोकर दबली, जागा झाली. मी सरकायला गेलो तर पुढे दगड. मी च्याओ शेठच्या दुकानात माणसं अडून बसलेली पाहिली होती. पण तिथे अंगण होतं, फेऱ्या होत्या. इथे मागे भिंत, वर भिंत आणि कुशीला हाओ उस्तादची शंभर चौकोनांची कारागिरी. आठशे अंशांवर माझ्या मानेत केसाएवढी चीर गेली. त्या दिवसापासून माझा आवाज गेला.

चार महिने काढले. वसंत सणाचे कंदील उतरले त्याच आठवड्यात माझं तोंड तुटून खाली कोकमध्ये गेलं. मग सोळाचं, मग पंधरा नि अठराचं. वरची भिंत ओठ लोंबावा तशी लोंबली. बाकीचे अठ्ठावीस पाय जागचे हलले नव्हते, पण लोंबलेल्या भिंतीपुढे त्यांना कोण मोजतो? भट्टी बंद. पेइ साहेब फोनवर ओरडत होते, “जुनी आठ महिने टिकायची! हिची चार! तीन वर्षं म्हणे!”

ठरलं असं की भट्टी थंड झाली की लिंगहू बाईंनी स्वतः आत उतरून तुटक्या जागा बघायच्या. हे हाओच्या कानावर गेलं. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, “भिंत लोंबतेय. बाईमाणसाला कशाला पाठवता? आधी मी जातो, सैल विटा काढतो, मग तिला येऊ द्या.”

सगळ्यांना गहिवरून आलं. दोंगसुद्धा म्हणाला, “उस्ताद, माणूस आहेस तू.”

तो साठ अंशांत एकटा उतरला. सरळ आमच्याकडे आला. पंधरा, सोळा आणि अठरा त्याने पहारीने उपसून राडारोड्यात ढकलले, कुशीचा माल ठेचून. माझ्याकडे वळला तेव्हा घामाने त्याला दिसत नव्हतं. मी निघत नव्हतो. त्यानेच इतका घट्ट बसवला होता. शिव्या देत त्याने उजवा हात माझ्या कुशीशी घातला, अंगठ्याने चेपलं होतं तिथेच, आणि छिन्नी मारली. वरची वीट सुटली. ती पडली, मी खाली होतो, मध्ये त्याचा हात. ऐरण व्हायचं माझ्या नशिबी होतं. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

टोळीने मला पहारींनी मोकळं केलं आणि त्याच्याबरोबरच वर काढलं. हात माझ्यापासून सोडवायला वेळ लागला. त्या गडबडीत माझी कूस कोणी पाहिली नाही. ती रक्ताने माखलेली होती, आणि रक्त दिसल्यावर माणसं त्याच्याखालचं बघत नाहीत.

निकाल सोपा होता. आखणी वाईट. लिंगहू बाईंची बदली वजनकाट्यावर. कोळशाचे ट्रक आत येताना आणि बाहेर जाताना मोजायचे. कारखान्यात म्हण पडली, ‘बाईच्या आखणीनं उस्तादचा हात खाल्ला.’ हाओला सुरक्षा-खोलीचा राखणदार नेमलं. तिथे फुटकी शिरस्त्राणं, जळलेले हातमोजे वगैरे मांडलेलं असतं, नव्या भरतीला भीती दाखवायला. पेइ साहेब म्हणाले, “ती हात खाणारी वीटही तिथेच ठेवा.”

मला धुवायचं काम पहिल्याच दिवशी हाओच्या वाट्याला आलं. रक्त निघालं आणि खाली त्याचाच माल दिसला, भाजून दगड झालेला, त्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा. त्याने कानशीने खरवडून पाहिलं. निघेना. तेव्हा त्याने खोलीच्या कोपऱ्यात सिमेंटचा कट्टा केला, डाव्या हाताने माल कालवला आणि मला उजव्या कुशीवर आडवं घालून त्यात बसवलं. डावा हात असूनही दरज अशी भरली की सुई जाणार नाही. वर पाटी आली: ‘सदोष आखणीचा परिणाम.’

यानंतरचं मला सगळ्यात जड गेलं. लिंगहू बाई दर महिन्याला त्याला भेटायला यायला लागल्या. कधी वाळवलेली पर्सिमनची फळं, कधी अक्रोड. अक्रोड स्वतः फोडून देत, कारण त्याला एका हाताने जमत नसे.

“उस्ताद, माझ्यामुळे झालं हे,” पहिल्या वेळी त्या रडल्या.

हाओने समोरचा फोडलेला अक्रोड उचलला. मग म्हणाला, “जाऊ दे पोरी. चूक माणसाकडूनच होते.”

आणि अक्रोड खाल्ला. दोन वर्षं खात होता. त्या पाठमोऱ्या झाल्या की तो माझ्या कट्ट्याभोवती फडकं फिरवायचा. लोक म्हणायचे, उस्तादचं मन किती मोठं, ज्या विटेने हात खाल्ला तिचीच सेवा करतो.

आता कालची गोष्ट. दुपारी बाई आल्या त्या धावतच. हातात अक्रोडांची पिशवी आणि एक पत्र.

“उस्ताद, थांगशानच्या एका कारखान्याने माझी आखणी वापरली होती, मला न सांगता. दीड वर्ष झालं. बत्तीसच्या बत्तीस पाय जागच्या जागी! एक चीर नाही!”

“असं?” हाओ म्हणाला. बसला होता, तो उठला.

“मग इथे चारच का तुटले? सलग चार? मी दोन वर्षं आकडेमोड करतेय, आणि उत्तर एकच येतं. त्या चार फटी बुजलेल्या असणार. उद्या सकाळी दोन नंबरच्या भट्टीच्या आतल्या विटांच्या अस्तराची बैठक आहे. जुनी आखणी पक्की करतायत. पुन्हा दर आठ महिन्यांनी टोळी आत. मला पुरावा पाहिजे. बाकीच्या तीन विटा गेल्या, ही एक आहे. हिची उजवी कूस बघायचीय.”

“ती खाली आहे.”

“मग उलटी करू या.”

“निघायची नाही ती.”

बाईंनी दोन्ही हातांनी मला धरलं. त्यांचे हात गरम होते. मी जोर लावला. विटेने लावावा तेवढा. काही हललं नाही. त्यांनी बोटाच्या पेराने मला वाजवलं. मी घंटेसारखा बोललो असतो तर! नुसतं थप्प झालं.

“छिन्नी द्या उस्ताद.”

“मांडलेली वस्तू आहे. साहेबांचा शिक्का लागतो.”

“साहेब उद्याच्या आत शिक्का देणार नाहीत, तुम्हाला माहितेय.”

“माहितेय.”

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि माझ्या कडेने नख फिरवायला लागल्या, कुठे जागा मिळते का बघत. पूर्ण फेरी झाली. नख कुठेच आत गेलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या.

“डाव्या हाताने केलंत हे?” त्यांनी हळू विचारलं.

हाओच्या चेहऱ्यावर काय आलं सांगू? अभिमान. त्याला आवरेना. “बघ ना. मी आजवर एकही फट पोकळ सोडलेली नाही,” तो म्हणाला.

एवढं बोलून तो थांबला. बोललं ते त्यालाही ऐकू आलं होतं.

बाईंनी मान वर केली. आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे, मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथे कट्ट्याला भिडतो तिथे. त्यांना कळलं. मला वाटलं आता ओरडतील, छिन्नी हिसकावतील. हाओलाही तेच वाटलं असावं. तो भिंतीला टेकला.

“एकही नाही?” त्या म्हणाल्या.

“माझा हात गेलाय, पोरी.” त्याचा आवाज खाली गेला. “पताका तेवढी राहू दे.”

“उद्या बैठकीत येऊन एक वाक्य बोलाल?”

तो उरलेल्या करंगळीने टेबलावरची मागच्या अक्रोडांची टरफलं एकत्र करत राहिला.

बाई उठल्या, गुडघे झटकले. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. टेबलावर ठेवलेली अक्रोडांची पिशवी त्यांनी उचलली, तिची गाठ मारली आणि घेऊन गेल्या.

आज सकाळी बैठक झाली. बाई एकट्याच पत्र घेऊन गेल्या होत्या. पेइ साहेब म्हणाले, थांगशानचा कोक वेगळा. जुनी आखणी पक्की झाली. अस्तर लावणाऱ्या टोळीचा म्होरक्या आता दोंग आहे. तो मघाशीच उस्तादला पेढ्यासारखी तिळाची मिठाई देऊन गेला. आठ महिन्यांनी तोच सगळ्यांच्या आधी आत उतरेल.

हाओने मिठाई खाल्ली नाही. तो माझ्या कट्ट्यापाशी आला, वाकला आणि अंगठा माझ्या दरजेवरून हळूहळू फिरवला. पूर्ण फेरी. मग समाधानाने, हो, समाधानानेच, उठला आणि कुलूप लावून गेला.

तुम्ही लांबचे आहात. पण तुमच्या ओळखीचा कोणी या वाटेला आलाच, तर त्याला सांगा, राखणदार जेवायला गेला की एक हातोडा आणि छिन्नी घेऊन या खोलीत ये. पाटी वाचत बसू नको. मी फुटेन याची काळजी करू नको, माझ्यात आता फुटण्यासारखं फार राहिलेलं नाही. फक्त माझी उजवी कूस बघ. तिथे अजून अंगठा आहे.

आणि कडेने नख घालून बघण्यात वेळ दवडू नको म्हणावं. शंभरातले शंभर भरलेत.